शहागंज ते वेरूळ : दहा कोसांची वाट

पायी यात्रा म्हटली की मराठी माणसाला प्रथम पंढरीची वारी आठवते. आपल्या पैठणहूनही एकनाथ महाराजांची पालखी दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पोचते. परदेशातही हे वेड आहे. स्पेनमधील सांतियागोच्या वाटेवर, कॅलिफोर्नियात २१ जुन्या मिशनांना जोडणाऱ्या वाटेवर लोक आठवडेच्या आठवडे चालतात. पण शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघून एका दिवसात पायी पुरी होणारी एक वाट आपल्या उशाशीच आहे, याची जाणीव आपल्यापैकी कितीजणांना असेल? शहागंज, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशी ही सुमारे तीस किलोमीटरची, म्हणजे जुन्या मापाने दहा कोसांची वाट. मी ती तीनदा चाललो आहे. वाचकांनी एकदा तरी चालावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

शहागंजातून सिटी चौक, जुना बाजार करीत आपण भडकल दरवाजाशी येतो. मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने हे शहर वसवले आणि मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा उभारला. पुढे १६५३ पासून शहराचे नाव औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, वाट तीच राहिली. छावणी, पडेगाव, मिटमिटा ही ठिकाणे मागे पडली की देवगिरीचा कातळ दिसू लागतो. तो दिसतो मात्र जवळ आणि गाठायला लागतो पुरा तासभर! बसमधून जाणाऱ्याला ही गंमत कळायची नाही.

पहिला मोठा मुक्काम दौलताबाद. महंमद तुघलकाने १३२७ साली येथे राजधानी आणली, हे आपण शाळेपासून घोकत आलो. पण त्या निमित्ताने दिल्लीहून येथवर माणसे आली ती कशी, हे कोणी फारसे विचारीत नाही. दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा प्रवास असून रस्त्याच्या दुतर्फा झाडे आहेत, असे इब्न बतूताने लिहून ठेवले आहे. त्या काळात सूफी संतही दक्षिणेत आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांतलेच. त्यांचा दर्गा पुढे खुलताबादेत आहे.

याच गडावर दोन शतकांनंतर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. गुरूच्या शोधात पैठणचा एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे आला. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, आणि ते सूफी परंपरेतले होते, असे परंपरा सांगते. नाथांनी पुढे ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे भारूड रचले. त्यामागे पुस्तकी विद्वत्ता थोडी आणि या वाटेवरचा शेजार अधिक असावा, असे मला वाटते.

दौलताबाद सोडले की घाट लागतो. दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. हातकागदासाठी त्याची पूर्वापार ख्याती. मग येते खुलताबाद. येथे भद्रा मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे पायी येथे येतात. श्रावणी शनिवारीही रीघ असते. या रात्रीच्या चालण्यामागे मला मोठे शहाणपण दिसते. चैत्रातल्या उन्हात दिवसा ही वाट भाजून काढील. रात्री गारवा असतो, आणि हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेची असल्यामुळे आदल्या रात्रीही चांदणे भरपूर! वाटेत ठिकठिकाणी पाणी, चहा, फराळ हातात ठेवणारी मंडळी उभी असतात. ते कोणाला नाव विचारीत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. अलीकडे खुलताबाद म्हटले की बोलणे औरंगजेबाच्या कबरीवर येऊन थांबते आणि आवाज चढतात. २०२५ साली तर हा वाद देशभर गाजला. वादाचा निवाडा करणे हे माझे काम नाही. पण चालणाऱ्याला जे दिसते ते सांगितले पाहिजे. १७०७ साली वारलेल्या त्या बादशहाची उघड्या आभाळाखालची साधी कबर झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. ज्या मलिक अंबरने मोगलांना झुंजवले, त्याचीही कबर याच गावात आहे. भद्रा मारुती येथेच, आणि नाथांनी तप केले असे मानतात तो सुलीभंजनचा डोंगरही जवळच. एवढे सगळे एका गावात असताना एकाच नावाने त्याची ओळख ठेवणे हा गावावर अन्याय नव्हे काय?

माझ्यासोबत शहागंजातले दोन मित्र होते. एकजण दरवर्षी जर जरी जर बक्षांच्या उरुसाला जातो, दुसरा श्रावणी शनिवार चुकवीत नाही. दोघे एकाच रस्त्याने लहानपणापासून ये-जा करतात. पण त्या दिवसापर्यंत एकाने दुसऱ्याचे ठिकाण आतून पाहिले नव्हते. गाडीतला माणूस आपल्या थांब्यावरच उतरतो. पायी चालणाऱ्याला मात्र सावली आणि पाणी दिसेल तेथे टेकावे लागते. तहान लागल्यावर पाणी मंदिराचे की दर्ग्याचे, हे कोण पाहतो?

खुलताबादहून वेरूळ चारपाच किलोमीटरवर आहे, आणि उतारच बराचसा. तेथे बौद्ध, हिंदू आणि जैन अशा मिळून चौतीस लेणी एकाच डोंगरकड्यात ओळीने खोदलेली. जवळच अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर. वाटेवर जे तुकड्यातुकड्याने पाहिले, ते येथे एकाच कड्यात आधीच कोरलेले आहे!

निघणाऱ्यांसाठी चार सूचना. सरावाच्या जुन्या चपला-बूट घाला, नवे नकोत. गूळ-शेंगदाणे आणि दोन बाटल्या पाणी जवळ असू द्या. हिवाळ्यात पहाटे पाचला निघालात तर दुपारी दोन-तीनपर्यंत वेरूळ गाठाल. घाटात पावले लहान ठेवा. रस्त्यावर वाहने वेगाने धावतात, म्हणून उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चाला, आणि रात्री पांढरे कपडे घाला.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आपली सहल दरवर्षी बसने वेरूळला जाते आणि संध्याकाळी परत येते. पुढल्या वर्षी इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून ती जाताना तरी पायी न्यावी. दोन विभागांचा अभ्यासक्रम या एकाच वाटेवर पसरलेला आहे.