तुटक रेषेवरचे पायमार्ग

तलाठ्याच्या दप्तरातला गावनकाशा उलगडला की शेतांच्या तुकड्यांमधून वळसे घेत गेलेल्या तुटक रेषा दिसतात. जोडीने धावणाऱ्या तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. नांदेड जिल्ह्यातलं भोकर असो, मुखेड असो की देगलूर, गाव ते गाव जोडणाऱ्या अशा वाटा नकाशावर आहेतच. शिवारात उतरलं की मात्र त्यातल्या बऱ्याच सापडत नाहीत. कुणी धुरा सरकवत नेलेला असतो, कुणी वाटेवर तूर पेरलेली असते, कुठे वेड्या बाभळीने ताबा घेतलेला असतो.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात पायी भटकंती करणाऱ्यांची छायाचित्रं आपल्याकडे आता सर्रास दिसतात. हिरवे उंचसखल माळ, दगडी घरांची मध्ययुगीन खेडी, पाठीवर पिशवी आणि हातात काठी. ते पाहून वाटतं, निसर्गाने त्यांना भरभरून दिलं, आपल्या वाट्याला उन्हाळा आला. हे अर्धंच खरं आहे. फ्रान्सची पायी भटकंती निसर्गाइतकीच रंगाच्या डब्यावर, कागदपत्रांवर आणि गावोगावच्या स्वस्त खाटांवर उभी आहे.

तिथल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांना ‘जीआर’ म्हणतात. झाँ लुआझो या वास्तुविशारदाच्या पुढाकाराने अशी पहिली वाट १९४७ मध्ये ऑर्लेआँजवळ, ल्वार नदीच्या काठी आखली गेली. झाडावर, दगडावर, कुंपणाच्या खांबावर पांढरा आणि लाल असे दोन पट्टे रंगवायचे; चुकीच्या फाट्यावर त्याच रंगांची फुली मारायची. बस्स, एवढीच ती यंत्रणा. आज खुणा केलेल्या वाटांचं जाळं पावणेदोन लाख किलोमीटरहून मोठं आहे आणि त्या खुणा दरवर्षी ताज्या करतात ते बहुतांशी स्वयंसेवक. १९८३ च्या एका कायद्याने जिल्हा पातळीवरच्या संस्थांवर पायवाटांचा आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. आराखड्यात आलेली सरकारी गाववाट परस्पर बंद करता येत नाही. खासगी शेतातून जायचं असेल तर मालकाशी करार होतो.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. बांधावरून रस्ता मागण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, अडवलेला रस्ता मोकळा करून घेण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनाही येत राहतात. पण हे सगळं ट्रॅक्टर आणि उसाच्या गाडीसाठी. ते योग्यही आहे, शेतमाल आधी घरी आला पाहिजे. मात्र चालणारा माणूस या व्यवस्थेच्या हिशेबातच नाही.

आता त्या मध्ययुगीन खेड्यांकडे वळू. इ.स. ९५० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ल पुई गावचा बिशप गोडेस्काल्क स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला पायी निघाला. त्या वाटेने गेलेल्या सुरुवातीच्या ज्ञात यात्रेकरूंत त्याचं नाव घेतात. त्याच सुमारास दख्खनवर राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण राज्य करत होता (९३९ ते ९६७) आणि त्याच्या राज्यातलं एक बलाढ्य नगर म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं आजचं तालुक्याचं गाव, कंधार. मन्याड नदीकाठी वसलेल्या कंधारला राष्ट्रकूटांनी जगत्तुंग समुद्र नावाचा मोठा तलाव बांधला. इथल्या भग्न क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवयव पाहून अभ्यासकांनी तिची मूळ उंची पन्नास फुटांच्या वर असावी असा अंदाज केला आहे. खंदकाने वेढलेला किल्ला पुढे बहमनी, निजामशाही, मुघल अशा अनेक हातांतून गेला.

ल पुईचा आणि आपला आणखी एक धागा आहे, तो जमिनीखालचा. ते गाव ज्वालामुखीच्या प्रदेशात वसलेलं, तिथली कितीतरी बांधकामं काळ्या बेसाल्टची. ल पुईहून सांतियागोकडे जाणारी वाट पुढे ओब्राकचं बेसाल्टचं पठार ओलांडते आणि साधारण दोनशे किलोमीटरवर काँक या चिमुकल्या गावात उतरते. तिथल्या चर्चच्या दारावर बाराव्या शतकात कोरलेला अंतिम न्यायाचा देखावा आहे: एका बाजूला स्वर्गात जाणारे, दुसऱ्या बाजूला नरकात ढकललेले. तो पाहायला लोक दहा-दहा दिवस चालत येतात.

काँकच्या शिल्पकारांच्या थोडं आधी देगलूरजवळच्या होट्टलमध्ये छिन्न्या चालत होत्या. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली सिद्धेश्वर, सोमेश्वर अशी मंदिरं या गावात आहेत. सिद्धेश्वराच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी पाहण्यासाठी थांबावं आणि मंदिराला सावकाश फेरी घालावी. घाईत पाहणाऱ्याच्या हाती फोटोपलीकडे काही लागत नाही. राज्य पुरातत्त्व विभागाने इथे जतनाचं काम केलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला ढिगारा साफ करताना आणखी एका शिवमंदिराचे अवशेष आणि इ.स. १०७० च्या सुमाराचे तीन शिलालेख बाहेर आले. त्यांत मंदिर बांधायला हातभार लावणाऱ्या दात्यांची नावं आहेत. गावच्या देवळावर वर्गणीदारांचे फलक लावायची हौस काही आजची नाही.

होट्टल एकटं असतं तर गाडीने जाऊन परत येणं पुरलं असतं. पण याच तालुक्यात करडखेड, येरगी, तडखेल ही शिलालेखांची गावं आहेत; पलीकडे मुखेडला दशरथेश्वराचं कोरीव मंदिर आहे; तिथून पुढे कंधार. नांदेड जिल्ह्यातले शिलालेख रित्ती आणि शेळके यांनी १९६८ मध्येच पुस्तकरूपाने छापले. चालुक्यांच्या काळातले बरेच लेख कन्नडमध्ये आहेत, त्यामुळे देगलूरच्या माणसाला आपल्याच गावच्या दगडावरची अक्षरं अनोळखी वाटतात. मूर्ती आणि मंदिरस्थापत्याचे नामवंत अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर हे मूळ याच देगलूरच्या, गुंडा महाराजांच्या वारकरी घराण्यातले. म्हणजे दगड वाचणारे आणि पायी चालणारे एकाच घरात होते.

मग ही गावं फ्रान्समधल्या खेड्यांसारखी ‘दिसत’ का नाहीत? तिथे १९८२ मध्ये कोलाँज-ला-रूज या गावचे महापौर शार्ल सेराक यांनी सर्वांत सुंदर खेड्यांची संघटना काढली. सभासद व्हायचं तर लोकवस्ती दोन हजारांच्या आत हवी, किमान दोन संरक्षित स्मारकं किंवा स्थळं हवीत आणि गावाच्या घरांचं एकंदर रूप राखलेलं हवं. स्मारकांच्या अटीत होट्टल सहज बसेल. अडेल ते घरांपाशी. मराठवाड्याचं जुनं गाव म्हणजे वेस, गढी, पार, बारव आणि धाब्याची माळवदाची घरं. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि हीच जड छतं लोकांच्या अंगावर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली, लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी, सरळ रेषेत आखून वसवावी लागली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची भीती वाटू नये असं कुणाला सांगणार? जुनी घरं पाडून स्लॅब टाकणाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नाही असं म्हणणं मुंबई-पुण्याहून सोपं आहे.

नांदेडच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातही औसा आणि उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी, निलंग्याचं नीळकंठेश्वर मंदिर अशी स्थळं आहेत. त्यांना जोडणारी चालण्याची वाट मात्र कुणी आखलेली नाही.

भोकरकरांसाठी मात्र नांदेड जिल्ह्याची उत्तरेची बाजू जवळची. देगलूरकडे मोकळे, लाटांसारखे माळ. इकडे किनवट-माहूरकडे सागाचं आणि पळसाचं जंगल सुरू होतं. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट ही स्थानकं ओळीने येतात. हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, परमेश्वराचं मंदिर. पुढे इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. एका स्थानकाहून चालत दुसऱ्या स्थानकाला जावं आणि गाडीने घरी यावं अशी सोय मराठवाड्यात फार ठिकाणी नाही. माहूरला तर परिक्रमेची परंपराच आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास भाविक भर पावसाळ्यात गडाभोवतीच्या डोंगरांतून पायी फिरतात.

चालण्याचं वावडं या भागाला कधीच नव्हतं. शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाईवरून पंढरीकडे जाते तेव्हा मुक्कामाचं गाव शेकडो माणसांची पंगत उठवतं. फ्रान्समध्ये चालणाऱ्यांसाठी ‘जीत’ नावाची साधी मुक्कामघरं असतात: ओळीने खाटा, एक लांब टेबल, जे शिजलं असेल ते सर्वांनी मिळून जेवायचं. वारीचा मुक्काम पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की आपली सोय आषाढीपुरती आणि देवाच्या नावाने. मार्गशीर्षात एखादा माणूस केवळ शिलालेख पाहायला चालत आला, तर त्याला कुठे टेकवायचं याचा रिवाज नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये देगलूरवरून नांदेडकडे गेलेली भारत जोडो यात्राही महामार्गानेच गेली. शिवारातल्या वाटा पुन्हा बाजूलाच राहिल्या.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ मध्ये फ्रान्सच्या सेव्हेन डोंगररांगांत एक गाढवीण विकत घेऊन बारा दिवस हिंडला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. आज त्याच्या मार्गाला जीआर ७० असा क्रमांक आहे आणि हौशी लोक त्यावर भाड्याचं गाढव घेऊन चालतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर गाढवांचाही बाजार दरवर्षी भरतो. तिथून गाढव घेऊन कंधार-मुखेड-होट्टल असं चालत जाऊन कुणी मराठीत लिहिलं तर वाचायला मजा येईल.

निघायचं असेल तर दिवाळीनंतर. पावसाळ्यात काळ्या रानातली वाट बुटाला किलो-किलोने चिकटते आणि मार्चनंतर सावली शोधत फिरावं लागतं. मार्गशीर्ष-पौषात जमीन घट्ट असते, हरभरा घाट्याला आलेला असतो आणि पुढे ज्वारीच्या रानात हुरड्याची आगटी पेटते. पाणी सोबत ठेवावं, पण आखाड्यावर मागितलं तर नाही म्हणत नाहीत. आखाड्यावरची कुत्री मात्र अनोळखी माणसाला ओळख विचारत नाहीत, तेव्हा लांबूनच हाक द्यावी. माणसं ओळख विचारतात, आणि सविस्तर विचारतात: कोणतं गाव, कुणाकडे निघालात, गाडी बंद पडली का? ‘देऊळ बघायला चालत निघालोय’ या उत्तरावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. तरी पुढच्या गावाला जाणारी जवळची वाट तीच माणसं दाखवतात, आणि ती बहुधा नकाशावरच्या एकेरी तुटक रेषेवरूनच जाते.