जीभ अडखळते तेव्हा

मंडळी, मी पुष्कळ वर्षे शाळेत हजेरी घेतली. एका वर्गात एक मुलगा होता. नाव पुकारले की तो उभा राही. ओठ हलत, मान हले, पण 'हजर' हा शब्द काही बाहेर येत नसे. पोरे हसत. मी म्हणे, "अरे, लवकर बोल की!" पुढे तो उभा राहीनासा झाला. मी गैरहजेरी मांडली. पोरगा समोर बसलेला, आणि वहीत गैरहजर! ती चूक माझी. तुमच्या हातून होऊ नये, म्हणून सांगतो.

यालाच आपण तोतरे बोलणे म्हणतो. शब्द डोक्यात तयार असतो, पण तोंडातून सुटत नाही. कधी पहिले अक्षर पुन्हा पुन्हा येते. 'प-प-पाणी' असे होते. कधी अक्षर लांबते. कधी आवाजच अडकतो.

हे कशाने होते? नक्कल केल्याने नाही. देवाच्या कोपानेही नाही. अशा माणसाला बुद्धी कमी असते, हेही खोटे. बोलताना श्वास, गळा, जीभ, ओठ यांना मेंदूकडून वेळेवर इशारा मिळावा लागतो. तो मेळ जरा चुकतो. पुष्कळदा हे घराण्यातून येते. जिभेला वेखंड चोळून ते जात नाही.

बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात हे सुरू होते. १०० मुलांत ५ जणांना तरी होते. बहुतेकांचे आपोआप सुटते. मोठेपणी १०० त सुमारे एकाला राहते.

गंमत पाहा. हाच माणूस भजनात बसला, की बहुधा अडखळत नाही. म्हणजे जीभ धड आहे.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज असेच अडखळत. राजपुत्र असताना, १९२६ साली, ते लायोनेल लोग या शिक्षकाकडे जाऊ लागले. त्यांनी श्वासाचा व बोलण्याचा सराव केला. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांनी रेडिओवरून भाषण केले. अडखळणे साफ गेले नव्हते, पण ते बोलले.

तुम्ही अडखळत असाल, तर एवढे करा. शब्दाला जोराने ढकलू नका. थोडा श्वास सोडा आणि पहिले अक्षर हळू, सैल उच्चारा. अवघड शब्द टाळू नका. टाळला की भीती वाढते. "मी अडखळतो, जरा थांबा," असे आधीच सांगा. रोज मोठ्याने वाचा. आधी दोघांनी मिळून, मग एकट्याने. घरी जमले, की दुकानात बोला. मग ग्रामसभेत बोला.

घरच्यांनीही एक करावे. त्याचा शब्द आपण पुरा करू नये. "नीट बोल" म्हणू नये. आपणच सावकाश बोलावे, आणि त्याचे पुरते ऐकावे. मुलाचे अडखळणे काही महिने टिकले, तर वाचा-उपचार करणाऱ्याला दाखवावे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. ती १९८३ साली निघाली. तिथे हे काम चालते.

बायाबापड्यांनो, कोणी बोलताना अडला, तर हसू नका. थांबा. त्याला सांगायचे आहे, ते तो सांगेल.