नाण्यावरचं साल म्हणजे नाण्याचं वय नव्हे

"नाण्यावर १७८० साल आहे, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांचं झालं की! लाखाच्या खाली बोलूच नका." जुन्या नाण्यांशी ज्याचा थोडाफार संबंध येतो, त्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. आजीच्या पेटीत किंवा मस्कत-एडनकडे नोकरी केलेल्या एखाद्या पूर्वजाच्या डब्यात चांदीचं मोठं, जाड नाणं निघतं. एका बाजूला भरल्या अंगाची, डोक्यावरून वस्त्र घेतलेली स्त्री, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. कडेची लॅटिन अक्षरं लागत नाहीत, साल तेवढं वाचता येतं. मग त्या चार आकड्यांवर लाखांचे इमले उभे राहतात.

हे वर्णन जुळत असेल, तर ते नाणं बहुतेक मारिया थेरेसा थालर असतं. मारिया थेरेसा ही ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याची राज्यकर्ती. १७६५ मध्ये नवरा वारल्यावर तिने विधवेचा वेश घेतला, म्हणून नाण्यावरही तिच्या डोक्यावर ते वस्त्र दिसतं. २९ नोव्हेंबर १७८० रोजी ती मरण पावली. एरवी राजा गेला की त्याचं नाणं थांबतं. इथे उलटं झालं. लेव्हान्ट, अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना याच बाईचं, याच सालाचं नाणं हवं होतं. चेहरा किंवा साल बदललं की ते नाणं घ्यायला कुरकुर करत. त्यामुळे तिच्या मृत्यूनंतरही टाकसाळी १७८० हेच साल घालून नाणी पाडत राहिल्या.

आणि किती टाकसाळी! व्हिएन्ना, मिलान, व्हेनिस, प्राग ही नावं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलीच. खरी गंमत विसाव्या शतकातली. १९३५ मध्ये इथिओपियावर चढाई करताना मुसोलिनीच्या इटलीला तिथे चालणारा पैसा हवा होता, म्हणून तिने ऑस्ट्रियाकडून हे ठसे आणि नाणी पाडण्याचा हक्क मिळवला. मग बाकीचे कशाला मागे राहतील? लंडन, पॅरिस, ब्रसेल्स इथल्या टाकसाळींनीही हेच नाणं पाडायला घेतलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, आपल्या फोर्टमधल्या मुंबई टाकसाळीने याची दीड कोटीहून अधिक नाणी पाडली. साल अर्थातच १७८०. म्हणजे ज्या नाण्याला तुम्ही 'युरोपातला अडीचशे वर्षांचा ऐवज' म्हणून कापसात गुंडाळून ठेवलंय, ते कदाचित बोरीबंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तुमच्या आजोबांच्या शाळेच्या दिवसांत जन्मलेलं असेल. व्हिएन्नाची टाकसाळ तर आजही हे नाणं पाडून विकते. तिथे जाऊन नवंकोरं १७८० सालचं नाणं विकत घेता येतं!

यावर ठरलेला प्रतिवाद असतो : "पण आमच्या नाण्यावर 'एस. एफ.' आहे. ती मूळ टाकसाळीच्या अधिकाऱ्यांची अक्षरं ना?" अक्षरं त्यांचीच आहेत. राणीच्या प्रतिमेखालची ही अक्षरं गुंझबुर्ग टाकसाळीतल्या श्योबल आणि फाबी या दोघांची. पण १८०५ च्या तहाने गुंझबुर्गचा मुलूख बव्हेरियाकडे गेला, तरी बाकीच्या टाकसाळी 'एस. एफ.' घालतच राहिल्या. मुंबईच्या नाण्यांवरही तीच अक्षरं आहेत. ठशाची हुबेहूब नक्कल करायची म्हटल्यावर अधिकाऱ्यांची आद्याक्षरंही नकलेत आलीच. तेव्हा साल पुरावा नाही आणि 'एस. एफ.' हाही नाही.

मग टाकसाळ ओळखायची कशी? राणीच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं, कडेवरच्या शब्दांमधली वेलबुट्टी, अशा बारकाव्यांवरून. हे भिंग घेऊन बसायचं काम आहे. विश्वास बसत नसेल, तर 'न्युमिस्मॅटिक क्रॉनिकल' या नियतकालिकात १९७२ मध्ये आलेला एम. आर. ब्रूम यांचा या पुनर्मुद्रित थालरांवरचा लेख पाहा. वेगवेगळ्या टाकसाळींची नाणी कशी वेगळी काढायची, हाच त्याचा विषय आहे.

घरी मात्र एवढं नक्की करता येतं. सराफी काट्यावर वजन करा : सुमारे २८.०७ ग्रॅम हवं. व्यास साधारण ४० मिलिमीटर. कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं हवीत, 'युस्टिटिया एट क्लेमेंटिया', म्हणजे न्याय आणि दया. कड गुळगुळीत असेल किंवा तिच्यावर मधोमध जोडाची रेघ दिसत असेल, तर नाणं ओतीव नकली समजा. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. या नाण्यात सुमारे ८३ टक्के चांदी आणि बाकी तांबं असतं, त्यामुळे काटा जवळपास २.७५ ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाचं पितळ असेल तर आकडा ३.३ च्या आसपास जातो. नाण्याला ओरखडा न काढता चांदी तपासायची ही सर्वांत स्वस्त युक्ती. दागिन्यासाठी कडी डाखवलेली असेल, तर वजन आणि हा आकडा दोन्ही थोडे हलतील.

आता किरकोळ गैरसमज झटपट आटपू.

"हा मोठा राणीछाप रुपया आहे." राणीछाप रुपया व्हिक्टोरियाचा, त्याचं वजन ११.६६ ग्रॅम. हे नाणं जवळजवळ अडीचपट जड आहे.

"दोन डोक्यांचा पक्षी म्हणजे गंडभेरुंड, नाणं म्हैसूरचं असणार." हा हाब्सबुर्गांचा गरुड आहे. अक्षरं लॅटिन आहेत, एवढं तरी पाहा.

"सालापुढचा फुलीसारखा आकडा म्हणजे रोमन दहा." तो आकडा नाही, तिरपा क्रूस आहे.

"चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे चांदी." तांबं आणि पितळही चिकटत नाही. चिकटलं तर नकली, एवढंच चुंबक सांगतो.

"काळं पडलंय, चिंच-रांगोळीने घासून ठेवू." कृपा करून नको. तो काळेपणा गंधकामुळे येणारा थर आहे. घासल्याने नाण्याचे बारकावे झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

"ऑनलाइन लाखो रुपये देतायत, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचे." ही शुद्ध फसवणूक. जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे.

"आपलं नाणं, परदेशात विकू." शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

राहिली किंमत. नंतर पाडलेल्या सर्वसाधारण थालरला चांदीच्या भावाच्या आसपासच मोल येतं. त्यात शुद्ध चांदी सुमारे २३.४ ग्रॅम भरते. दुर्मीळ टाकसाळीचा नमुना निघाला तर जास्त मिळेल, पण ते जाणकाराने भिंगाखाली पाहून सांगावं लागतं. म्हणून अनोळखी नाणं हाती आलं की आधी वजन करा, मग कड पाहा, मग अक्षरं लावा. साल सर्वांत शेवटी वाचा. आणि नाणं पाहण्याआधीच आकडा सांगणाऱ्या कुणालाही, घ्यायचं असो वा द्यायचं, हात जोडून निरोप द्या.