रिकाम्या जागेतून प्रकाश काढायचा होता, म्हणून शास्त्रज्ञांनी न हलणारा आरसा ‘हलवला’!

एका डब्यातली सगळी हवा काढून घेतली. उजेड बंद केला, डबा थंडगार केला. आत काय उरलं? तुम्ही म्हणाल, काहीच नाही. क्वांटम भौतिकशास्त्र मात्र हे मान्य करत नाही.

या शास्त्रानुसार निर्वात पोकळी कधीच पूर्ण शांत नसते. तिथेही विद्युतचुंबकीय क्षेत्रात बारीक चढउतार चालूच असतात. १९७० मध्ये जेराल्ड मूर यांनी गणिताने दाखवलं, की पोकळीत आरसा प्रचंड वेगाने मागेपुढे केला, तर या चढउतारांतून खरेखुरे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, बाहेर पडतील. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर यांच्या नावावरून याला ‘डायनॅमिकल कॅसिमिर परिणाम’ म्हणतात.

पण गोची वेगाची होती. मोजता येतील इतके फोटॉन हवेत, तर आरशाचा वेग प्रकाशाच्या वेगाशी तुलना करण्याइतका हवा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो! खरा आरसा असा हलवणं अशक्यच.

मग काय केलं?

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या टीमने आरसा न हलवता नुसता हलल्याचा परिणाम साधला. त्यांनी अतिवाहक धातूचं सर्किट बनवलं आणि त्याच्या टोकाला ‘स्क्विड’ नावाचा, चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देणारा भाग बसवला. हे क्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा बदललं, की सर्किटची विद्युत लांबी कमीजास्त होते. मायक्रोवेव्ह लहरींसाठी हा धावता आरसाच! त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या २५ टक्क्यांपर्यंत पोहोचला.

पण हे फोटॉन पोकळीतलेच कशावरून?

कारण उष्णतेमुळेही मायक्रोवेव्ह निघतात. म्हणून सर्किट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलं. शिवाय सिद्धांत सांगतो, की हे फोटॉन जोडीने जन्मतात आणि त्यांच्या वारंवारतांची बेरीज ‘आरशाच्या’ वारंवारतेइतकी असते. मोजणीत या जोडीचं नातं दिसलं. उष्णतेतून असं नातं तयार होत नाही. २०११ मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला.

म्हणजे आता फुकट वीज?

नाही. फोटॉनची ऊर्जा पोकळी देत नाही, ती ‘आरसा’ हलवणाऱ्या यंत्रणेकडून येते. त्यामुळे या प्रयोगाचं नाव घेऊन ‘शून्यातून मोफत ऊर्जा’ विकणारा फॉरवर्ड आला, तर तो पुढे पाठवू नका.