अडीच चौरस किलोमीटर, पाच महिने

विमानं, तोफा, चिलखती गाड्या आणि हजारो सैनिक दिमतीला असताना एक शहर परत घ्यायला किती दिवस लागावेत? फिलिपिन्सच्या मारावीत २०१७ साली पाच महिने लागले. सगळ्यात भीषण लढाई झाली तो भाग जेमतेम २५० हेक्टरांचा, म्हणजे अडीच चौरस किलोमीटर! हा हिशेब मला अजूनही थक्क करतो.

मिंदानाओ बेटावर, लानाओ सरोवराच्या काठी वसलेलं हे सुमारे दोन लाख वस्तीचं मुस्लिमबहुल शहर. २३ मे रोजी सैन्य तिथे गेलं ते इस्निलोन हापिलोन या अतिरेकी म्होरक्याला धरायला. पण इस्लामिक स्टेटशी निष्ठा वाहिलेले हापिलोनचे आणि माउते बंधूंचे साथीदार पूर्ण तयारीत होते. बघता बघता त्यांनी शहरात ठाण मांडलं.

त्यांना एवढा काळ तगवलं ते बऱ्याच अंशी तिथल्या घरांनी. इथल्या मारानाओ समाजात घराण्याघराण्यांत पिढीजात वैर चालत आलेलं. त्याला ‘रिदो’ म्हणतात. त्यामुळे कित्येकांनी काँक्रीटच्या जाड भिंती उभारल्या, खाली तळघरं काढली. वैऱ्याच्या गोळीपासून जीव वाचवायला बांधलेल्या त्या घरांनी आता विमानांतून पडणाऱ्या बॉम्बनाही दाद दिली नाही. वरचे मजले ढासळत, तळघरातला बंदूकधारी जिवंत राही. भिंतींना भगदाडं पाडून तो रस्त्यावर पाऊलही न टाकता पुढच्या घरात पोचे.

त्यात सरोवरातून निघणारी आगुस नदी थेट शहरातून वाहते. पलीकडे घुसायचं तर मोजके पूल, आणि त्यांवर नेमबाजांची नजर. ९ जूनला एकाच दिवसात १३ मरीन सैनिक मारले गेले.

सैन्याकडे जंगलातल्या लढाईचा अनुभव दांडगा होता. गल्लीबोळांतली लढाई तिथेच शिकावी लागली. मला सगळ्यात विलक्षण वाटतात त्या लाकडी फळ्या. चिलखती गाड्यांच्या पोलादावर सैनिकांनी चक्क फळ्या ठोकल्या! कारण रॉकेट ग्रेनेड आदळताच त्यातून धातूची अतिवेगवान धार सुटते आणि ती पोलाद भेदून आत शिरते. ग्रेनेड आधी फळीवरच फुटावा, पोलादापर्यंत पोचेतो त्या धारेचा जोर ओसरावा, एवढी आशा. विसाव्या शतकातल्या गाड्या, एकविसाव्या शतकातलं युद्ध आणि मधे सुताराचं काम.

शहरात अडकलेले ख्रिस्ती लोक अतिरेक्यांच्या हाती लागू नयेत म्हणून अनेक मुस्लिम कुटुंबांनी त्यांना घरात लपवलं, बायकांना डोक्यावर घ्यायला ओढण्या दिल्या. या लढाईतलं ते धैर्य मला कुठल्याही शस्त्रापेक्षा मोठं वाटतं.

१६ ऑक्टोबरला हापिलोन आणि ओमार माउते मारले गेले आणि २३ ऑक्टोबरला लढाई संपल्याचं जाहीर झालं. दीडशेहून अधिक सैनिक आणि पोलीस कामी आले होते, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं परागंदा झाली होती. ज्यांची घरं गेली त्यांना भरपाई देणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं.