म्रिया : अंतराळयानासाठी बांधलेले महाकाय विमान

आजवरच्या मालवाहू विमानांत सर्वांत वजनदार ठरलेले अँतोनोव एएन-२२५ ‘म्रिया’ जगात एकच होते. ज्या कामासाठी ते बांधले ते काम लवकरच संपले, तरी विमान पुढे वीस वर्षे उपयोगी पडले.

कशासाठी बांधले?

सोव्हिएत संघाचे ‘बुरान’ अंतराळयान आणि ‘एनर्जिया’ रॉकेटचे अवाढव्य भाग कझाकस्तानातील बायकोनूर तळावर पोहोचवायचे होते. रस्त्याने वा रेल्वेने ते नेणे शक्य नव्हते. म्हणून पाठीवर ओझे वाहणारे विमान तयार करण्याची जबाबदारी कीवच्या अँतोनोव संस्थेवर आली. २१ डिसेंबर १९८८ रोजी म्रियाने पहिले उड्डाण केले. १९८९मध्ये बुरानला पाठीवर घेऊन ते पॅरिसच्या विमान प्रदर्शनात उतरले.

रचना

अभियंत्यांनी आधीच्या ‘एएन-१२४ रुस्लान’चाच आराखडा वाढवला. चाराऐवजी सहा इंजिने, ३२ चाके, ८४ मीटर लांबी, ८८.४ मीटर पंखविस्तार. पाठीवरच्या ओझ्यामुळे मागची हवा ढवळून निघते. अशा हवेत मधोमध असलेली उभी शेपटी नीट काम करत नाही. त्यामुळे शेपटीच्या दोन टोकांना दोन उभे पंख बसवले. माल चढवताना विमानाचे नाक वर उघडे आणि पुढचा भाग खाली झुके. उड्डाणावेळचे कमाल वजन ६४० टन होते.

अडगळ आणि पुनरागमन

सोव्हिएत संघ फुटला, बुरान प्रकल्प गुंडाळला गेला. १९९४पासून म्रिया उभेच राहिले. त्याची इंजिने काढून रुस्लान विमानांना बसवली गेली. मात्र अवजड माल हवाईमार्गे नेण्याची मागणी वाढली आणि दुरुस्तीनंतर मे २००१मध्ये ते पुन्हा उडाले. २००९मध्ये त्याने १८७.६ टनांचे जनित्र जर्मनीहून आर्मेनियाला नेले. हवाईमार्गे नेलेल्या एकसंध वस्तूचा तो विक्रम ठरला. मे २०१६मध्ये प्रागहून ऑस्ट्रेलियातील पर्थला जनित्र नेताना ते हैदराबादला थांबले होते. २०२०मध्ये करोनाकाळात त्याने चीनमधून पोलंडला वैद्यकीय साहित्य पोहोचवले.

शेवट

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावरील लढाईत तिथे उभे असलेले म्रिया नष्ट झाले. दुसऱ्या म्रियाचा सांगाडा सोव्हिएत काळापासून अपुराच आहे. अवजड मालाची मोठी जबाबदारी आज रुस्लानवर आहे. पण म्रियाइतका भार उचलणारे दुसरे विमान जगाकडे नाही.