पांढऱ्या पाणंदी

पाणंद म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन शिवारांच्या मधून जाणारी, एक बैलगाडी मावेल एवढी वाट. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर बाभळी, चाकोऱ्यांच्या मधोमध गवत. तासगावच्या आमच्या द्राक्षबागेकडे जायला अशीच पाणंद होती. मी सायकल शिकलो ती तिच्यावरच. म्हणून गेल्या ऑक्टोबरात इटलीतल्या टस्कनी प्रांतात, गायोले गावाबाहेर डांबर संपलं आणि सायकलीच्या टायरखाली खडी करकरायला लागली, तेव्हा तो आवाज मला ओळखीचा वाटला.

हा किआंतीचा टापू. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या शहरांच्या मधला डोंगराळ मुलूख. इथल्या कच्च्या रस्त्यांना ‘स्त्रादे बियांके’ म्हणतात, म्हणजे पांढरे रस्ते. पांढरे, कारण त्यांच्यावर पसरलेली खडी इथल्याच चुनखडकाची. या खडकाला स्थानिक लोक ‘आल्बेरेसे’ म्हणतात. याच्या जोडीला ‘गालेस्त्रो’ नावाचा, हातानं चुरडला जाणारा पापुद्र्यांचा दगड. या दोन दगडांच्या जमिनीत पाणी साचत नाही, वेलीची मुळं खोल जातात. किआंतीची द्राक्षं ज्या जमिनीवर पोसतात, तिचाच दगड रस्त्यावर पडलेला असतो.

मी आणि माझी बायको, आम्ही चार दिवस या रस्त्यांवर सायकल चालवली. गायोलेहून सुरू होणारा, मॉन्ताल्चिनोपर्यंत जाऊन परत फिरणारा 209 किलोमीटरचा कायमचा मार्ग तिथे आखलेला आहे. जागोजागी पाट्या आहेत, आणि वर्षात कोणत्याही दिवशी कुणीही तो करू शकतं. त्यातलं साधारण निम्मं अंतर कच्च्या रस्त्याचं. सगळे चढ मिळून साडेतीन हजार मीटरांच्या वर जातात, त्यामुळे घाईचं काम नाही.

पहिल्या सकाळी ब्रोलिओच्या किल्ल्याचा चढ लागला. दोन्ही बाजूंना सरूची उंच झाडं, मधून पांढरा रस्ता. हा किल्ला रिकासोली घराण्याकडे 1141 पासून आहे. याच घराण्यातले बेत्तिनो रिकासोली 1861 मध्ये एकसंध झालेल्या इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. पण किआंतीत त्यांचं नाव निघतं ते 1872 च्या एका पत्रामुळे. किआंतीच्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष सांजोवेसे असावं, त्याच्या जोडीला कानायोलो आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं मालवाझिया, असं प्रमाण त्यांनी त्यात मांडलं. राजकारणाइतकाच वेळ या माणसानं बागेला दिला होता. आजच्या किआंती क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेसे असावंच लागतं, आणि पांढऱ्या द्राक्षांना 2006 पासून जागा राहिलेली नाही.

बाटलीच्या गळ्यावरच्या काळ्या कोंबड्याची कथा इथे प्रत्येक जण सांगतो. फ्लॉरेन्स आणि सिएनाचा हद्दीचा तंटा होता. कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, भेटतील तिथे हद्द, असं ठरलं. सिएनाकरांनी आपला पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट ठेवला. फ्लॉरेन्सकरांनी काळा कोंबडा उपाशी डांबला. तो भुकेनं पहाट व्हायच्या आधीच आरवला, आणि फ्लॉरेन्सचा स्वार थेट सिएनाजवळ पोचला. ही झाली दंतकथा. इतिहास असा, की 1716 मध्ये तिसऱ्या कोझिमो दे मेदिची या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं हुकूम काढून किआंतीच्या सीमा आखल्या, आणि 1924 मध्ये राद्दा गावी 33 उत्पादकांनी एकत्र येऊन काळा कोंबडा आपली निशाणी केली.

चार दिवसांत या पांढऱ्या रस्त्यांवर आम्हाला भेटलेल्या मोटारी बोटांवर मोजता आल्या असत्या. ट्रॅक्टर भेटले, द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या भेटल्या, शिकारी कुत्रे भेटले. रस्ते इतके, आणि वाहनं इतकी कमी कशी? याचं उत्तर शेतीच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे गाव एका जागी असतं आणि शेतं गावाबाहेर. टस्कनीत शतकानुशतकं कुळं आपापल्या शेतातच राहिली. आपल्याकडच्या मळ्यातल्या वस्त्यांसारखी, पण दगडी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक अर्धं-अर्धं. या अर्धेलीच्या पद्धतीला ‘मेद्झाद्रिया’ म्हणत. प्रत्येक वस्तीला बाजाराशी, चर्चशी, मालकाच्या वाड्याशी जोडणारी वाट हवी. त्यातून हे कच्च्या रस्त्यांचं जाळं विणलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं शहरातल्या कारखान्यांत गेली. 1964 च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद झाले. घरं ओस पडली, रस्ते मात्र राहिले. सायकलस्वाराला आज जी शांतता मिळते, ती गाव सोडून गेलेल्या माणसांनी मागे ठेवलेली आहे. बेदाण्याचे दिवस सोडले तर आमच्या वस्तीवरही आता दोनच दिवे लागतात, त्यामुळे ती ओस घरं बघून आम्ही बराच वेळ बोललो नाही.

पुढे बागा पुन्हा भरल्या, पर्यटक आले, आणि रस्त्यांवर डांबर चढायला लागलं. ते चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात धूळ घरात येते, पावसात चिखल होतो, हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं. पण जान्कार्लो ब्रोच्ची या सायकलवेड्या गायोलेकराला वाटलं, की हे रस्ते गेले तर इथला मुलूखच बदलेल. बार्ताली आणि कॉप्पी या थोर सायकलपटूंनी ज्या धुळीतून शर्यती मारल्या, ती धूळही जाईल. त्यांनी 1997 मध्ये गायोलेहून ‘लेरोइका’ नावाची सायकलवारी काढली. पहिल्या वर्षी 92 जण आले. आज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हजारो येतात. अट अशी: सायकल 1987 च्या आधीची. पोलादी सांगाडा, गिअरचे खटके सांगाड्याच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर. वाटेत खायला ‘रिबोलिता’, म्हणजे शिळा पाव, पालेभाजी आणि घेवड्याचं घट्ट सूप. शेतकऱ्याच्या घरी उरलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खायचा हा पदार्थ. आपल्या शिळ्या भाकरीच्या कुस्करलेल्या काल्याचा तो सख्खा भाऊ.

या वारीतूनच 2007 मध्ये व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत निघाली. ‘स्त्रादे बियांके’ हेच आज तिचं नाव. सिएनातल्या पियात्सा देल काम्पो या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकात ती संपते. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलारानं ती तीनदा जिंकली. 2015 पासून स्त्रियांची शर्यतही होते. ज्या रस्त्यांना मागास म्हणून डांबर लावायचं होतं, तेच आता जगभर दूरचित्रवाणीवर दिसतात.

तिसऱ्या दिवशी द्राक्षबागा मागे पडल्या आणि ‘क्रेते सेनेसी’ हा चिकणमातीचा उघडा मुलूख आला. नांगरलेल्या राखाडी टेकड्या, एखादंच सरूचं झाड. रात्री पाऊस झाला होता. ही माती आपल्या काळ्या रानासारखी. टायरला चिकटली की चाक फिरेना. 2010 च्या ‘जिरो द’इटालिया’ या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत मॉन्ताल्चिनोच्या टप्प्यात असाच चिखल झाला होता आणि कॅडेल एव्हान्स जिंकला, तेव्हा सगळ्यांच्या जर्सीचे रंग चिखलाखाली गेले होते. आम्ही उतरलो, काडीनं माती खरवडली आणि चालत निघालो.

जायचा विचार असेल, तर थोडं व्यवहाराचं. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक. सिएनापर्यंत रेल्वे येते, भाड्याची सायकल मिळते. टायर 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद घ्यावा आणि त्यात हवा कमी ठेवावी. मऊ टायर खडीवर उसळत नाही, दगडाला धरून जातो. चढासाठी हलका गिअर हवाच. उतारावर सुट्या खडीत पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. वजन मागे घ्यावं आणि चाकाला आपली वाट शोधू द्यावी. दोन गावांत अंतर बरंच असतं, म्हणून पाणी भरून निघावं.

शेवटच्या दिवशी राद्दाकडे येताना एका बागेत काढणी चालली होती. आपल्यासारखा मांडव नव्हता. कमरेच्या उंचीवर तारेला बांधलेल्या वेली, आणि गुडघ्याशी लोंबणारे काळेभोर घड. म्हाताऱ्या बागाईतदारानं हातानंच बोलावलं, एक घड पुढे केला. त्यांची नात इंग्रजी बोलणारी. मी सांगितलं, माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे आणि या क्षणी ते छाटणी करताहेत. आजोबांना खोटं वाटलं. ऑक्टोबरात छाटणी? मग मी समजावलं. आमच्याकडे थंडी वेलीला झोपवत नाही, म्हणून आम्हीच तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये काडी तयार व्हावी म्हणून खरड छाटणी, ऑक्टोबरात घडासाठी गोडी छाटणी. आणि सांजोवेसेही आमच्याकडे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला, टस्कनीच्याच पिएरो मासी या वाइन बनवणाऱ्याच्या देखरेखीखाली ‘फ्रातेल्ली’ या वाइन कंपनीच्या मळ्यात ती वेल वाढली. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग वेलीच्या बुंध्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, “वर्षात दोनदा. दमत असेल बिचारी.”

रात्री वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शेतकऱ्याचाच प्रश्न विचारला, “आरं, पण मग डांबर का टाकत न्हाईत ते?” अवकाळी पावसात आमच्या पाणंदीतून द्राक्षाची क्रेट डोक्यावरून वाहिलेला माणूस तो. त्यांच्या पाणंदीवर मुरूम पडायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुरूम टाकताना बांधावरच्या बाभळी तोडाव्या लागत नाहीत, आणि पाणंदीची वाट सरळ करून ती मोठ्या गाड्यांना द्यावी लागत नाही. गायोलेच्या रस्त्यांवर लोक हौसेनं यायला लागले, म्हणून ते रस्ते टिकले. मी वडिलांना म्हणालो, “फेब्रुवारीत, माल निघायच्या दिवसांत, मी सायकल घेऊन येतो. मग दोघं आपल्या पाणंदीनं जाऊन बघू.”

“ये,” ते म्हणाले, “तवर खड्डे बुजवून ठेवतो.”